विज्ञान केंद्रात सहकुटुंब पहिली भेट : तयारीपासून परतीपर्यंत

ज्या विज्ञान केंद्रांत उपकरणे काचेच्या कपाटात बंद न ठेवता थेट पाहुण्यांच्या हाती दिलेली असतात, तेथे प्रथमच जाणारी बरीच कुटुंबे तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळी दालने एकाच दिवसात पालथी घालायला निघतात. मुले दिसेल ते बटण दाबत पुढे पळतात, मोठी माणसे पिशव्या सांभाळत त्यांच्या मागे धावतात आणि संध्याकाळी विचारले तर कोणालाच एकही प्रयोग नीट सांगता येत नाही. माझे मत असे आहे की अशा ठिकाणी मोजकी उपकरणे निवडावीत आणि त्यांच्यापाशी मनसोक्त रेंगाळावे. पुढे दिलेल्या सूचना त्या रेंगाळण्यासाठी वेळ, शक्ती आणि शांतपणा कसा वाचवावा याबद्दलच्या आहेत.

अशा केंद्रांची घडण कशी झाली हे थोडे जाणून घेतले तर तेथे वागावे कसे हेही उमगते. म्युनिकच्या डॉइशेस म्युझियमची मुख्य इमारत १९२५ साली खुली झाली, तेव्हा दांडा फिरवून किंवा कळ दाबून पाहुण्यांना स्वतः चालवता येतील अशा प्रतिकृती तेथे मांडलेल्या होत्या. १९३७ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या पॅले द ला देकूव्हर्तमध्ये शास्त्रीय प्रयोग प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवले जाऊ लागले. आजच्या केंद्रांचा साचा मात्र १९६९ साली पडला : त्या वर्षी भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले आणि त्याच वर्षी टोरांटोत ओंटारिओ सायन्स सेंटर उघडले. एक्स्प्लोरेटोरियमने आपली उपकरणे कशी बांधावीत याच्या सविस्तर कृती छापून इतरांना उपलब्ध करून दिल्या, त्यामुळे जगातील कोणत्याही केंद्रात गेले तरी काही उपकरणे ओळखीची भेटतात. या परंपरेत पाहण्याचा ठरावीक क्रम नसतो. पहिल्या दालनापासून शेवटच्या दालनापर्यंत ओळीने गेलेच पाहिजे असे कोणी सांगितलेले नसते, आणि मधले एखादे दालन अजिबात न पाहता परतणे हे त्या रचनेत गृहीतच धरलेले असते.

दिवस आणि वेळ

शाळांच्या सहली बहुधा कामकाजाच्या दिवशी सकाळी येतात आणि दुपारी परततात; सुट्टीच्या दिवशी गर्दी उशिरा सकाळपासून वाढत जाते. त्यामुळे शक्य असेल तर कामकाजाच्या दिवशी दुपारनंतर जावे, आणि सुट्टीच्या दिवशीच जाणे भाग असेल तर दार उघडण्याच्या वेळेपूर्वी पोचावे. पहिल्या तासात जे उपकरण पंधरा मिनिटे निवांत हाताळता येते, त्याच उपकरणापुढे नंतर रांग लागते आणि मागे उभ्या असलेल्या लोकांच्या नजरेने आपलेच मूल घाईला येते.

निघण्यापूर्वी संकेतस्थळ पाहावे किंवा केंद्राला दूरध्वनी करून काही गोष्टी विचारून घ्याव्यात. साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते, तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते का, तारांगण किंवा त्रिमितीय चित्रपट यांचे तिकीट वेगळे घ्यावे लागते का, कोणते दालन दुरुस्तीसाठी बंद आहे, उंची किंवा वयाची अट कोणत्या उपकरणांना आहे, आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येते का. यांपैकी शेवटचा प्रश्न लहान मुले असलेल्या कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुन्हा प्रवेश मिळत असेल तर मधल्या वेळेत बाहेर जाऊन खाऊन, मोकळ्या हवेत बसून येता येते. आवाज आणि प्रखर प्रकाश ज्या मुलांना सहन होत नाहीत त्यांच्यासाठी काही केंद्रे दिवे मंद आणि आवाज कमी ठेवलेली वेगळी वेळ राखून ठेवतात. अशी सोय आहे का हे आवर्जून विचारावे. ती फलकावर ठळक लिहिलेली असेलच असे नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

मुलांना आदल्या दिवशी विज्ञानाचा धडा शिकवून नेण्याची गरज नाही. केंद्रातील प्रयोगांच्या चित्रफितीही शक्यतो आधी दाखवू नयेत, कारण ज्याचा शेवट ठाऊक आहे तो प्रयोग मूल स्वतःहून उलटसुलट करून पाहत नाही. त्याऐवजी घरातील प्रत्येकाने, मोठ्यांनीसुद्धा, आपल्याला खरोखर पडलेला एक प्रश्न बरोबर न्यावा. ‘आरशात डावे-उजवे बदलते तर वर-खाली का बदलत नाही’ असा एखादा प्रश्न मनात असला की आरशांच्या दालनात पाऊल आपोआप मंदावते.

कपडे सुटसुटीत असावेत, पायात बंद आणि न घसरणारी पादत्राणे असावीत. साबणाच्या पाण्याचे मोठे फुगे करण्याच्या जागी आणि पाण्याच्या खेळांपाशी जमीन ओलसर असते. फिरत्या चाकांची आणि पट्ट्यांची उपकरणे असतात, म्हणून लांब केस बांधावेत आणि ओढणी, स्कार्फ किंवा गळ्यातील लोंबती दोरी घरीच ठेवावी. लहान मुलांच्या विभागात बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे जवळ असलेले बरे. पाण्याच्या टेबलापाशी कितीही बजावले तरी मुलांच्या बाह्या भिजतातच, त्यामुळे एक सुका सदरा पिशवीत असावा. बाकीचे सामान लॉकरमध्ये ठेवावे. हात मोकळे नसतील तर मोठी माणसे केवळ बघे होऊन राहतात, आणि ते या ठिकाणी परवडणारे नाही.

आरोग्याविषयी काही गोष्टी तिकीट काढण्यापूर्वीच लक्षात घ्याव्यात. ज्यांच्या शरीरात पेसमेकर, हृदयाचे ठोके सावरणारे दुसरे एखादे उपकरण किंवा कानातील कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच जावे आणि प्रबळ चुंबकांची व उच्च विद्युतदाबाची उपकरणे टाळावीत. इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांनीही तेथे दूरच राहावे. प्रकाशाच्या उघडझापीमुळे ज्यांना फेफरे येऊ शकते त्यांच्यासाठी साधारणपणे सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश धोक्याचा असतो, आणि पडणारे थेंब थांबल्यासारखे दाखवणारी काही उपकरणे अशाच प्रकाशावर चालतात. चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी फिरत्या बोगद्यातून जाऊ नये. त्या बोगद्यातील पूल स्थिरच असतो, पण भोवतालची भिंत फिरत असल्यामुळे डोळे आणि तोल सांभाळणारा कानाचा आतील भाग परस्परविरोधी निरोप देतात आणि माणूस कठड्याला घट्ट धरूनही झुकतो. चुंबकीय पट्टी असलेली कार्डे आणि काट्यांची घड्याळे चुंबकांपासून दूर ठेवावीत.

आत शिरल्यावरची पहिली दहा मिनिटे

आत गेल्या गेल्या मुले पहिल्या उपकरणाकडे धाव घेतील. ते स्वाभाविक आहे, तरी दहा मिनिटे त्यांना जवळ ठेवावे. नकाशा घ्यावा, स्वच्छतागृहे, बसण्याची जागा आणि बाहेर पडण्याची दारे पाहून घ्यावीत, आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ती जागा प्रत्यक्ष तेथे उभे राहून ठरवावी. जागा अशी असावी की ती मुलाच्या उंचीवरून आणि गर्दीतूनही दिसेल. केंद्रातील कर्मचाऱ्यांचा गणवेश मुलांना दाखवून, हरवल्यास अशाच माणसाकडे जायचे हे सांगावे. ज्या लहानग्याला क्रमांक पाठ नाही त्याच्या खिशात दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी घालावी.

त्यानंतर प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक पाहून त्यांतले एक, फार तर दोन निवडावेत आणि बाकीचा दिवस त्यांच्या भोवती मोकळा ठेवावा. दाराजवळच्या दालनात सर्वाधिक गर्दी होते, म्हणून सुरुवात आतल्या टोकाकडून किंवा वरच्या मजल्यावरून करणे शहाणपणाचे ठरते. बाबागाडी किंवा व्हीलचेअर बरोबर असेल तर लिफ्टच्या जागेवरून दिवसाचा मार्ग आखावा.

केंद्रात फूकोचा लंबक असेल तर आत शिरताच त्याच्यापाशी जावे. लेआँ फूको यांनी १८५१ साली पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवले. त्याच प्रयोगाची ही लहान आवृत्ती असते. नवखे लोक येथे दोन मिनिटे उभे राहून ‘काहीच होत नाही’ म्हणून पुढे जातात. या उपकरणाची रीत वेगळी आहे : गोळा कोणत्या रेषेत झुलतो आहे ते जमिनीवरच्या खुणेवरून किंवा भोवती उभ्या केलेल्या खुंट्यांवरून पाहून ठेवावे, त्याचे एक छायाचित्र घ्यावे आणि तासा-दोन तासांनी परत यावे. झोक्याची रेषा सरकलेली दिसते. ती तासाला किती सरकते हे अक्षांशावर अवलंबून असते. ध्रुवावर ती जवळजवळ १५ अंश सरकेल, ३० अक्षांशावर त्याच्या निम्मी, आणि विषुववृत्तावर मुळीच नाही. थोड्या मोठ्या मुलांना आपल्या गावाचा अक्षांश घेऊन हे गणित जागेवरच करता येते आणि जाताना ते ताडूनही पाहता येते.

उपकरणापाशी काय करावे

या भेटीचा सारा कस येथे लागतो, म्हणून याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. बहुतेक मोठी माणसे आधी माहितीफलक वाचतात, मग मुलाला काय करायचे ते सांगतात, आणि मूल सांगितले तेवढे करून मोकळे होते. हा क्रम उलटा करावा. आधी हात लावावा, काय घडते ते पाहावे, मग एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहावे, बदलण्यापूर्वी काय होईल याचा प्रत्येकाने अंदाज सांगावा, आणि फलक सर्वांत शेवटी वाचावा. ‘असे का झाले?’ हा प्रश्न लगेच विचारला की मुलाला परीक्षा सुरू झाल्यासारखे वाटते आणि ते उत्तर टाळण्यासाठी पुढच्या उपकरणाकडे सटकते. ‘आता काय होईल?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणालाही देता येते, आणि ते चुकले तर आणखी एकदा करून पाहायला निमित्तच मिळते.

उदाहरणादाखल तांब्याच्या नळीचे उपकरण घेऊ, जे पुष्कळ केंद्रांत असते. एक जाड, उभी नळी आणि तिच्या शेजारी सारख्याच आकाराचे दोन गोळे किंवा दंडगोल असतात. त्यांतील एक साधा धातूचा, दुसरा प्रबळ चुंबक. साधा तुकडा वरून सोडला की खाली टपकन पडतो. चुंबक सोडला की तो नळीत दिसेनासा होतो, मूल खाली हात धरून वाट पाहते, हात काढून घेते, वर बघते, आणि तेवढ्यात चुंबक सावकाश खालून डोकावतो. मूल तो पुन्हा टाकते, मग पुन्हा. या वेळी मोठ्यांनी नियमाचे नाव घेण्याची घाई करू नये. चुंबक नळीला बाहेरून टेकवून पाहायला सांगावे : तो चिकटत नाही, कारण तांबे चुंबकाकडे ओढले जात नाही. ‘नळी त्याला धरून ठेवते’ ही मुलांची पहिली समजूत येथेच डळमळते. मग नळीच्या वरच्या तोंडाला डोळा लावून दुसऱ्याला चुंबक सोडायला सांगावे. तो नळीत तरंगत तरंगत उतरताना दिसतो, आणि हे दृश्य ज्याने पाहिले ते मूल तेथून सहजासहजी हलत नाही. शेजारी प्लास्टिकची नळी असेल तर तीतून तोच चुंबक टाकावा, उभी चीर पाडलेली नळी असेल तर तीही वापरून पाहावी. पहिलीतून तो सरळ कोसळतो, दुसरीत अखंड नळीपेक्षा लवकर उतरतो.

एवढे झाल्यावर स्पष्टीकरण दिले तर ते कानावरून जात नाही. हलणाऱ्या चुंबकामुळे नळीच्या धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र चुंबकाच्या पडण्याला विरोध करते. चुंबक पूर्ण थांबला तर प्रवाहही थांबेल आणि विरोध संपेल, म्हणून तो मध्येच अडकून राहत नाही, मंद गतीने उतरत राहतो. नळीला चीर असेल तर प्रवाहाचा गोल मार्ग तुटतो आणि विरोध कमी पडतो. प्लास्टिकमधून विद्युतप्रवाह वाहतच नाही. काही रेल्वेगाड्यांचे आणि रोलर कोस्टरचे ब्रेक याच तत्त्वावर चालतात, हेही येथे सांगण्यासारखे आहे.

फिरत्या चकतीवर बसण्याचे किंवा उभे राहण्याचे उपकरणही असाच वेळ मागते. हात पसरून बसावे, दुसऱ्याने हलकेच फिरवावे आणि मग हात छातीशी घ्यावेत; गती एकदम वाढते, हात पसरले की पुन्हा मंदावते. येथे बदलण्याची गोष्ट म्हणजे हातांतील वजन. मोकळ्या हातांनी आणि वजने घेऊन असे दोन्ही प्रकारे करून पाहिले म्हणजे फरक अंगालाच कळतो. जवळ हँडल लावलेले सायकलचे चाक ठेवलेले असेल तर ते फिरते असताना हातात घेऊन बसावे आणि त्याचा आस तिरका करावा. चकती आपल्याला घेऊन वळू लागते. लहान मूल चकतीवरून उतरण्यापूर्वी ती पूर्ण थांबवावी आणि त्याचा हात धरावा.

समोरासमोर, दालनाच्या दोन टोकांना उभ्या केलेल्या मोठ्या वक्र तबकड्यांपाशी आजी-आजोबा आणि नातवंडे यांची जोडी चांगली जमते. येथे नवखे लोक एकमेकांकडे तोंड करून बोलतात आणि काही ऐकू येत नाही म्हणून निराश होतात. खरे तर पलीकडच्या माणसाकडे पाठ करून, आपल्या तबकडीकडे तोंड करून, तिच्या पुढ्यात लावलेल्या कड्यापाशी कुजबुजायचे असते. त्या बिंदूतून निघालेला आवाज तबकडीवरून परावर्तित होऊन समांतर जातो आणि समोरच्या तबकडीच्या तशाच बिंदूपाशी गोळा होतो. डोके कड्यापासून थोडे बाजूला नेले तरी आवाज विरतो, आणि ती जागा डोके हळूहळू हलवत शोधून काढण्यातच या उपकरणाची खरी गोडी आहे.

केस उभे करणारा धातूचा मोठा गोल, म्हणजे व्हॅन डी ग्राफ जनित्र, बहुतेक केंद्रांत मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच चालवतात, आणि तसेच असावे. दमट हवेत विद्युतभार गोलावर टिकत नाही, त्यामुळे पावसाळी दिवशी केस नीट उभे राहिले नाहीत तर मुलांची समजूत काढताना हेच कारण सांगावे. कोरड्या दिवशी, मोकळ्या, सरळ आणि मऊ केसांवर परिणाम सर्वांत ठळक दिसतो.

एखादे उपकरण बिघडलेले आढळणे ही हाताळण्याच्या केंद्रातील नेहमीची गोष्ट आहे, कारण असंख्य हातांनी ती रोज वापरली जातात. अशा वेळी जोर लावू नये. कर्मचाऱ्याला सांगावे आणि पुढे जावे.

दृष्टिभ्रमाचे दालन

या दालनात छायाचित्रे काढण्याची झुंबड असते आणि त्या नादात प्रयोग बाजूलाच राहतो. एम्सची खोली घ्या. एका छिद्रातून एकाच डोळ्याने पाहिले की ती साधी चौकोनी खोली वाटते आणि तिच्या एका कोपऱ्यातील मूल बापापेक्षा उंच दिसते. प्रत्यक्षात एक कोपरा दुसऱ्यापेक्षा पाहणाऱ्यापासून बराच दूर असतो, जमीन आणि छत तिरके असतात. कुटुंबातील दोघांनी दोन कोपऱ्यांत उभे राहावे, तिसऱ्याने छिद्रातून पाहत राहावे आणि त्या दोघांनी चालत जागा बदलाव्यात. चालता चालता माणूस वाढताना व खुजा होताना दिसतो. मग पाहणाऱ्याने छिद्रापासून दूर होऊन दोन्ही डोळ्यांनी पाहावे म्हणजे भ्रम का फुटतो हे ध्यानात येते. छिद्रापाशी धरलेला मोबाइलचा कॅमेरा एकाच भिंगातून दृश्य पाहत असल्यामुळे तो मात्र फसलेलाच राहतो. प्रत्येकाने आळीपाळीने तिन्ही जागा घेतल्याशिवाय येथून हलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

वय आणि वाटणी

सर्वांनी सतत एकत्र राहण्याचा हट्ट धरू नये. पाच वर्षांखालील मुलांना पाणी, चेंडू, ठोकळे आणि हवेचा झोत यांपुढे दुसरे काही नको असते, आणि एकाच पाण्याच्या टेबलापाशी ते तासभर रमले तर तो तास पूर्ण सत्कारणी लागला असे समजावे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना स्पर्धा आवडते. सरळ उतरण आणि वक्र उतरण यांवरून एकाच वेळी सोडलेल्या गोळ्यांपैकी कोणता आधी पोचतो, असल्या उपकरणापाशी त्यांना न्यावे आणि आधी पैज लावावी. सरळ वाट जवळची असूनही हरते. किशोरवयीन मुलांना नकाशा देऊन, भेटण्याची वेळ ठरवून मोकळे सोडावे, कारण आई-वडिलांसमोर फिरत्या चकतीवर बसायला त्यांना संकोच वाटतो. मोठ्या माणसांनी आपसांत वाटणी करून दर तासाला अदलाबदल करावी म्हणजे एकालाच दिवसभर लहानग्यामागे राहावे लागत नाही.

येथे एका गोष्टीकडे आई-वडिलांनी मुद्दाम लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. कॅलिफोर्नियातील एका बालसंग्रहालयात कुटुंबांचे निरीक्षण करून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की मुलगे आणि मुली ही उपकरणे सारख्याच उत्साहाने हाताळत असतानाही आई-वडील मुलींपेक्षा मुलग्यांना शास्त्रीय स्पष्टीकरण देण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. हे कोणी ठरवून करत नाही, म्हणूनच ते लक्षातही येत नाही. बहीण-भाऊ बरोबर असतील तर दांडा आधी कोणाच्या हातात जातो, अंदाज कोणाला विचारला जातो आणि समजावून सांगताना आपले तोंड कोणाकडे वळलेले असते, हे दिवसातून दोन-तीनदा तपासून पाहावे आणि गरज पडल्यास बदलावे.

मार्गदर्शक आणि प्रात्यक्षिके

दालनात उभे असलेले तरुण मार्गदर्शक केवळ शिस्तीसाठी नसतात. कोणते उपकरण कसे वापरले तर अधिक काही दिसते हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक असते, आणि गर्दी कमी असताना विचारले तर ते आनंदाने दाखवतात. प्रश्न मुलाला विचारू द्यावा. मूल लाजत असेल तर मोठ्यांनी स्वतःच्या मनातला प्रश्न आधी विचारून वाट मोकळी करावी.

प्रात्यक्षिकाला वेळेपूर्वी दहा मिनिटे जाऊन बसावे. द्रवरूप नायट्रोजनच्या प्रात्यक्षिकात, ज्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पुढच्या रांगेत बसण्यात मजा आहे. टेस्ला कॉइलच्या, म्हणजे उच्च विद्युतदाबाने हवेत लांब ठिणग्या उडवणाऱ्या यंत्राच्या प्रात्यक्षिकात मात्र कडकडाट मोठा असतो, म्हणून आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला घेऊन मागे, दाराजवळ बसावे आणि आवाज होणार आहे हे त्याला आधीच सांगावे.

थकवा ओळखणे

संग्रहालयात पाहुण्याला येणाऱ्या थकव्यावर बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ सालीच लेख लिहिला होता. वाकून आणि वळून पाहावे लागणाऱ्या मांडणीने शरीर कसे शिणते हे त्यांनी छायाचित्रांसह दाखवले होते. हाताळण्याच्या केंद्रात त्यात गोंगाट आणि सततचे निर्णय यांची भर पडते. मूल एका उपकरणावर काही सेकंदच थांबू लागले, बटणे न पाहता दाबू लागले किंवा भावंडांशी कुरबुर सुरू झाली की तो थकवा आहे असे धरावे आणि लगेच बसून पाणी, खाऊ द्यावा. खाण्यापूर्वी हात साबणाने धुणे येथे टाळू नये. साधारण तास-सव्वा तासाने विश्रांती ठरवूनच घ्यावी, आणि लहान मुले असतील तर एकूण भेट दोन-तीन तासांत आटोपावी. शेवटच्या अर्ध्या तासात नवे दालन सुरू करण्याऐवजी दिवसभरात आवडलेल्या एका उपकरणाकडे परत जावे. दुसऱ्या खेपेला मुले त्याच उपकरणावर पुष्कळदा अधिक धीटपणे प्रयोग करतात. केंद्रात लंबक असेल तर जाताना त्याची सरकलेली रेषा पाहून घ्यावी.

परतल्यावर

‘काय शिकलास?’ असे विचारले तर एका शब्दाचे उत्तर येते. त्याऐवजी आज न आलेल्या एखाद्या मित्राला कोणते उपकरण दाखवावेसे वाटते आणि ते त्याला कसे समजावून सांगशील, असे विचारावे. हातवारे करून सांगता सांगता काय कळले आणि काय निसटले हे मुलालाच उमगते. त्यांतील एखादा प्रयोग घरी करता येण्यासारखा असतो. केस सुकवण्याच्या यंत्राचा झोत थंड हवेवर ठेवून, वर धरून, त्यावर टेबल टेनिसचा चेंडू तरंगत ठेवावा आणि यंत्र हळूहळू तिरके करत चेंडू कोठवर टिकतो ते पाहावे. हा प्रयोग मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आणि पाण्यापासून दूर करावा.

पुन्हा जाण्याचा विचार असेल तर न पाहिलेल्या दालनांवर नकाशात खूण करून तो नकाशा जपून ठेवावा. वर्षातून दोन-तीनदा जाणे जमणार असेल तर कुटुंबासाठी वार्षिक सदस्यत्व किती रुपयांत, डॉलरमध्ये किंवा त्या देशाचे जे चलन असेल त्यात पडते याची तिकिटांच्या एकूण खर्चाशी तुलना करावी. सदस्यत्व असले की तासाभरासाठी जाऊन दोनच उपकरणे पाहून परतणेही जिवावर येत नाही. तात्पुरती प्रदर्शने काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे पुढच्या भेटीची तारीख ठरवण्यापूर्वी चालू प्रदर्शन कधी संपते आणि नवे कधी सुरू होते हे संकेतस्थळावर पाहून घ्यावे, आणि मधल्या मांडामांडीच्या दिवसांत त्या दालनासाठी जाऊ नये.